चिंचेनं घासलेली तहनाळ

दसरा उलटला की अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात दोन आवाज सुरू होतात. एक रस्त्यावरची पानं उडवणाऱ्या लीफ ब्लोअरचा आणि दुसरा बायकांच्या फोनचा. चकल्या कोणाकडे, चिवडा कोणाकडे, कोणाची मुलं येणार आणि कोणाची नाहीत. आज माझ्या मैत्रिणीचा, शुभदाचा, फोन आला तेव्हा मी समया घासायला चिंच कोळत होते. गरम पाण्यात भिजलेली चिंच बोटांत मऊ झाली, तिचा आंबूस वास वर आला आणि बोलता बोलता मी गप्प झाले. "अगं, आहेस ना?" शुभदानं विचारलं. "आहे," म्हटलं. गेली सात वर्षं मी आमटीलासुद्धा आमसूलच घालते. पण पितळेला चिंचच लागते, त्यामुळे वर्षातून एकदा हा वास घरात घ्यावाच लागतो.

सात वर्षांपूर्वीच्या त्या फॉलमध्ये आमची गार्गी घरी होती. पीएच.डी.चा प्रबंध लिहून संपवायला युनिव्हर्सिटीजवळची खोली सोडून आमच्याकडे येऊन राहिली होती. तिचा विषय ऐकून माणसं आधी हसायची आणि मग माझ्याकडे बघायची. रोमन सैनिकांच्या तलवारी. तलवारीही नव्हेत, त्यांची म्यानं. आणि खरं तर म्यानंही नव्हेत, कारण लाकूड आणि चामडं मातीत केव्हाच कुजून गेलं. उरलं ते त्यांच्यावरचं धातूकाम. पट्ट्या, कड्या, तोंडाशी बसवलेले पत्रे, खालच्या टोकाची टोपणं. या टोपणांवर माझी मुलगी पाच वर्षं घालवून बसली होती. शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी. हे वाक्य मी तेव्हा कितीदा म्हटलं असेल, आणि बहुतेक वेळा तिच्यादेखत.

तरी तो ऋतू मला आठवतो तो सुंदरच आठवतो, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. मागच्या अंगणातलं डॉगवुडचं झाड लाल झालं होतं. डेकवरच्या पाइनच्या सुया रोज झाडल्या तरी रोज पडायच्या. ओकची फळं छपरावर टपटप आपटायची आणि माझा नवरा, सुहास, लॅपटॉपवरून मान वर करून दर वेळी "कोण आलंय?" म्हणायचा. डायनिंग टेबल गार्गीनं बळकावलं होतं. तिच्या चित्रांवर आमटीचा थेंब पडू नये म्हणून आम्ही तिघं ओट्याशी उभं राहून जेवायचो. मी कुरकुर करायचे. पण रोज चार पोळ्या जास्त लाटाव्या लागायच्या, आणि ते मला आवडायचं.

सकाळी चहाच्या वेळी ती मला शिकवायची. मी विचारलेलं नसलं तरी. "आई, लुक. हे आधीचं," म्हणत माझ्यासमोर कागद मांडायची. सुरुवातीला तलवार आखूड, आणि साधा सैनिक ती उजव्या बाजूला लटकवायचा. म्यानाच्या दोन्ही कडांना पन्हळीसारखी धातूची किनार, पुढून उठावकामाचे पातळ पत्रे, दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांना चार कड्या. कमरेचा पट्टा त्या कड्यांना अडकवायचा. अगदी टोकाला एक छोटा गोळा. मग हळूहळू धातू कमी झाला. किनार तुटक झाली, उठाव गेला, तोंडाशी एक पत्रा आणि टोकाशी एक, त्यांत पानाफुलांची जाळी. पुढे त्या चार कड्याही गेल्या. म्यानाच्या पुढच्या अंगावर एक उभा कंस आला. त्याच्याखालून रुंद पट्टा ओवायचा आणि खांद्यावरून घ्यायचा. तलवार लांब झाली, डाव्या बाजूला गेली. टोकाची टोपणं तलवार आखूड असेतोवर चंद्रकोरीच्या आकाराची, लांब झाल्यावर बदामाच्या, आणि शेवटी शेवटी वाटोळी, चपटी, कुंकवाच्या मोठ्या डबीएवढी.

"हुकूम कोणी काढला पण?" मी विचारलं. सैन्य म्हटल्यावर कोणीतरी फर्मावलं असणार, असं मला आपलं वाटलं.

"नोबडी," ती म्हणाली. "दॅट्स द थिंग, आई. कोणीच नाही सांगितलं. तो उभा कंस ना, तो पूर्वेकडच्या घोडेस्वारांचा. त्यांच्याशी फाइट केली आणि मग त्यांचंच उचललं. एका वर्कशॉपनं केलं, दुसऱ्यानं कॉपी केलं. पन्नास वर्षांनी बघितलं तर सगळंच चेंज झालेलं."

मला ते कळत होतं. मी या देशात आले तेव्हा माझं मंगळसूत्र पोटापर्यंत यायचं. लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा आखूड केलं, मग बारीक साखळीत दोन वाट्या उरल्या, आणि आता ते फक्त सणाला डबीतून निघतं. कोणी सांगितलं नव्हतं. हे मी तिला म्हटलं तर तिनं चक्क वहीत लिहून घेतलं. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. शुभदाच्या घरी मात्र मी यातलं अक्षर काढलं नाही.

एकदा तिनं विचारलं, त्या टोकाच्या टोपणाला मराठीत काय म्हणतात. मला येत नव्हतं. सासऱ्यांचा जुना शब्दकोश कपाटात होता, त्यात दुपारभर शोधलं. म्यानाच्या तोंडाशी असते ती मोहनाळ आणि टोकाला असते ती तहनाळ. गार्गीनं तो शब्द चारदा म्हणून बघितला. "तहनाळ. आई, धिस इज ब्युटिफुल." त्या दिवसापासून घरात तोच शब्द चालू झाला. सुहाससुद्धा संध्याकाळी काम संपवून खाली आल्यावर "आज किती तहनाळी झाल्या?" असं विचारायचा. तिच्या पाच वर्षांच्या अभ्यासात माझी भर एवढ्या एका शब्दाची. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

खरी तहनाळ घरात आली ती ऑक्टोबरमध्ये. गार्गीच्या प्राध्यापकबाईंच्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमधली ती. बाई निवृत्तीला आल्या होत्या, गार्गीवर त्यांचा जीव होता, आणि चित्र काढायला म्हणून त्यांनी ती विश्वासानं तिच्या हाती दिली होती. प्लास्टिकच्या डब्यात, फोमच्या खाचेत बसवलेली. दोन बोटं रुंद, चंद्रकोरीसारखी, मध्ये दोन गोल भोकं आणि अंगभर काळपट हिरवा, खडबडीत थर. नळातून काढलेल्या जुन्या वायसरसारखी दिसत होती, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

गार्गी हसली आणि तिनं माझ्या हातात भिंग दिलं. आतल्या बाजूला, त्या हिरव्या थरात, बारीक रेघा होत्या. ते लाकूड होतं. लाकूड कुजता कुजता धातूचा गंज त्याच्या रेघारेघांत शिरला, लाकूड गेलं तरी त्याचा ठसा राहिला, असं ती म्हणाली. आणि इथे एकावर एक दोन ठसे होते, दोन वेगळ्या झाडांचे. आधीच्या म्यानाची एक ढलपी आत अडकून राहिली होती आणि तिच्यावर दुसरं म्यान बसलं होतं. खिळ्यांच्या भोकांच्याही दोन जोड्या होत्या. म्हणजे या आकाराचे दिवस संपल्यावर, तलवार लांब झाल्यावर, कोणीतरी आपल्या नव्या म्यानाला ही जुनी तहनाळ ठोकून घेतली होती.

"कोणाची असेल मूळची?" मी विचारलं.

"बापाची. भावाची. मेलेल्या दोस्ताची. वी डोन्ट नो," ती म्हणाली. "पण त्यानं टाकून नाही दिली ना."

पुस्तकांमध्ये सगळे लिहितात की ही पद्धत गेली आणि ती आली. तिला म्हणायचं होतं की माणसं असं एकदम जुनं टाकत नाहीत. तिचं सगळ्यात मोठं प्रकरण यावर होतं आणि पुरावा एकच, तो माझ्या तळहातावर होता. दिवाळीनंतरच्या मंगळवारी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये त्याचं स्कॅनिंग ठरलं होतं. मशीनची वेळ मिळायला तिला दोन महिने लागले होते.

त्याच सुमाराला आम्ही शुभदाकडे जेवायला गेलो. तिची मुलगी डॉक्टर होऊन रेसिडन्सी करत होती. जेवताना कोणीतरी गार्गीला विचारलं, "तू काय करतेस सध्या?" आणि गार्गीनं मनापासून सांगायला सुरुवात केली. चार कड्या, उभा कंस, चंद्रकोर, सगळं. लोक माना डोलवत आपापल्या ताटात बघत होते. शेवटी शुभदा म्हणाली, "छान आहे गं. हॉबी म्हणून छानच आहे." सगळे हसले. मीही हसले. गार्गी नेमकी माझ्याकडे बघत होती. परत येताना गाडीत मी रस्त्यावर नजर ठेवून ड्राइव्ह करत राहिले.

पुढच्या शनिवारी फराळाला आमच्याकडे पंधरा माणसं यायची होती. शुक्रवारी सकाळी गार्गी लायब्ररीत गेली आणि मी देवाची भांडी काढली. समया, निरांजनं, ताम्हन, घंटा. पुढचं मी लोकांना असं सांगते: टेबल आवरताना तो डबा सांडला, तहनाळ भांड्यांत मिसळली, घंटेबरोबर चिंचेच्या पाण्यात गेली, घासून होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. चुकून झालं. सात वर्षं मी हेच सांगतेय आणि ऐकणारे हळहळतात.

ते खोटं आहे. डब्याच्या झाकणावर पिवळी चिठ्ठी होती. "आई, हात लावू नको." रविवारच्या मराठी शाळेत मीच गिरवून घेतलेल्या वाकड्या अक्षरांत. ती मी वाचली आणि मला राग आला. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मलाच पाटी. चिठ्ठी सोडवून बाजूला ठेवली आणि डबा उघडला. माझ्या डोक्यात उद्याचं चित्र तयार होतं. फराळाच्या ताटांच्या मधोमध चांदीचं तबक, तबकात लखलखीत तहनाळ, जवळजवळ दोन हजार वर्षांची. मग बघू शुभदा हॉबी कशाला म्हणते. मला माझी मुलगी मिरवायची होती आणि त्यासाठी आधी तिच्या कामावरचा मळ काढायचा होता. मला तो मळच वाटला. इतकं सगळं तिनं समजावून सांगितल्यावरही, भिंगातून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरही.

चिंचेच्या कोळात मूठभर मीठ घातलं आणि तहनाळ त्यात टाकली. दुपारी काढली. माहेरी सांगलीत असताना भांडी घासण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. काथ्यानं घासली, जुन्या टूथब्रशनं घासली, आतल्या खोबणीतलं निघेना तर सेफ्टी पिनेनं टोकरून काढलं. पाणी आधी हिरवं झालं, मग काळं. ते सिंकमध्ये ओतलं. तहनाळ निघाली ती लखलखीत नव्हतीच. तांबूस, सोलवटलेली, अंगभर बारीक खड्डे. तरी मला ती आधीपेक्षा बरी वाटली. पुसून तबकात ठेवली.

चारच्या सुमाराला गार्गी आली. "बघ," मी म्हटलं, "कशी केली." तिनं तबकाकडे बघितलं. ती ओरडेल याची मी वाट बघत होते, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "पाणी कुठे टाकलंस?" तेवढंच, स्वच्छ मराठीत. मी सिंककडे बोट दाखवलं. तिनं खालचं कपाट उघडलं, साबण, पिशव्या, बादली, सगळं जमिनीवर काढलं आणि आत डोकं घालून आडवी झाली. आवाज ऐकून सुहास वरच्या खोलीतून खाली आला आणि तिनं सांगितल्यावर गॅरेजमधून पाना घेऊन आला. दोघांनी पाइपचा वाक सोडवला. त्यातला गाळ तिनं पातेल्यात घेतला आणि कॉफीच्या फिल्टरमधून चमच्या चमच्यानं गाळायला लागली. एकेक फिल्टर भिंगाखाली धरायची आणि बाजूला ठेवायची. चिंचेचे धागे होते, भाताची शितं होती, हिरवट चिखल होता.

सुहासला बघवेना. "अगं, तिनं मुद्दाम थोडंच केलं असेल," तो म्हणाला. "भांड्यांत आली असेल चुकून."

"हो," मी म्हटलं. "घंटेबरोबर गेली."

गार्गीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चमचा उचलला. सगळे फिल्टर संपेपर्यंत ती गाळत होती.

दुसऱ्या दिवशी पंधरा माणसं आली. फराळ झाला. गार्गी वरून खाली आली नाही, म्हणून कारण सांगावं लागलं, आणि मी ते घंटेबरोबरचं सांगितलं. लोकांनी माझंच सांत्वन केलं. शुभदानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "इतकी मौल्यवान वस्तू घरी आणावीच कशाला पण या मुलांनी?" ती म्हणाली. आणि ते मी ऐकून घेतलं. मान डोलावली की नाही ते आठवत नाही. बहुतेक डोलावली.

सोमवारी गार्गीनं बाईंना ईमेल लिहिली आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवली. "मी वस्तू नीट बंद करून ठेवली नाही, चूक सर्वस्वी माझी आहे," असं इंग्रजीत. वाचून झाल्यावर ती थांबली. "ओके?" तिनं विचारलं. "ठीक आहे," मी म्हटलं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं. बाईंनी दोन ओळींचं सौम्य उत्तर पाठवून तहनाळ परत मागवली. तोवर तिच्यावर फिकट हिरवी पूड धरायला लागली होती. ती मिठानं धरते आणि एकदा सुरू झाली की धातू आतून पोखरत जाते, असं गार्गी म्हणाली. मला उद्देशून नव्हे, डबा बंद करताना.

प्रबंध मंजूर झाला, ते प्रकरण वगळून. फोनवर काढलेले दोन-तीन फोटो होते, पण अंधूक फोटोंवर एवढं मोठं म्हणणं कसं उभं राहणार. तिनं दोन वर्षं ठिकठिकाणी अर्ज केले. बाईंनी शिफारसपत्रं दिली, पण त्यांत पूर्वीचा जिव्हाळा राहिला नव्हता, असं ती एकदा सुहासला म्हणाली. मग ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला गेली. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते. सकाळी कंपनीची शटल, संध्याकाळी कंपनीची शटल. दिवाळीला मिठाईचा बॉक्स न चुकता ऑर्डर करते, स्वतः येत नाही. "मार्गी लागली बाई एकदाची," असं शुभदा म्हणते. सगळेच म्हणतात. लोक माझं अभिनंदन करतात आणि मी त्यांना चहा करून देते.

कधी कधी मला त्या सैनिकाचा विचार येतो. तलवार बदलली, पट्टा बदलला, बाजूसुद्धा बदलली, आणि तरी त्यानं ते एवढंसं जुनं टोपण ठेवून घेतलं. मग तो मेला, म्यान कुजलं, इतकी वर्षं कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. माझ्या मुलीनं त्याला शोधून काढला. पंधरा-वीस दिवस तो आमच्या घरात होता, आम्ही चहा पिताना त्याच्याबद्दल बोलायचो. आता तो होता हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, कारण मी सेफ्टी पिनेनं टोकरून त्याला सिंकमध्ये ओतला, आणि तेही माझ्या मैत्रिणीला दाखवायला.

आज शुभदाचा फोन ठेवला, हात धुतले आणि गार्गीला फोन लावला. इथे दुपारचा एक वाजला होता, तिकडे सकाळचे दहा. ती डेस्कवर होती. "हाय आई. ऑल ओके?"

"तुला एक सांगायचंय," मी म्हटलं आणि थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं म्हणून सगळं एका दमात सांगितलं. चिठ्ठी वाचली होती. राग आला होता. तबक, फराळ, शुभदा. "ती चुकून नव्हती गेली भांड्यांत."

पलीकडचा की-बोर्डचा आवाज थांबला.

"आय नो, आई," ती म्हणाली. "तू 'बघ, कशी केली' म्हणालीस तेव्हा मी तिथेच होते ना."

"मग बाबांसमोर बोलली का नाहीस? बाईंना तरी खरं लिहायचंस."

"तू सांगशील असं वाटलं. आय वेटेड. ईमेल वाचून दाखवली तेव्हा. ग्रॅज्युएशनला तू बाईंना भेटलीस तेव्हा. मग इंटरव्ह्यू होते तेव्हा. इट वुड हॅव हेल्प्ड, यू नो. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी केअरलेस आहे."

"मी लिहिते त्यांना. आजच लिहिते. पत्ता दे."

"त्या गेल्या, आई. लास्ट स्प्रिंग."

"मला सांगितलं नाहीस," एवढंच मी म्हटलं, आणि म्हणताच ते किती मूर्खपणाचं आहे ते कळलं. मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, मध्ये एकदा "आई, पाणी पी," म्हणाली, मग म्हणाली की तिची मीटिंग सुरू होतेय, संध्याकाळी बाबांशी बोलेन. तिचा आवाज शांत होता, प्रेमळसुद्धा होता. त्या आवाजात मी राग शोधत होते. सात वर्षं मी धरून चालले होते की ती माझ्यावर चिडलेली आहे, आणि चिडलेलं माणूस कधीतरी निवळतं. राग केव्हाच संपला होता, वाट बघण्याबरोबरच, आणि ते मला कळवायची तिला गरज वाटली नव्हती.